चिकटपट्टीखालचं लेबल

चाळीस खोकी जशी गेली तशीच परत आली, आणि वहिनी एकेकाच्या कडांवरून हात फिरवत बसल्या. एक कोपरा दबलेला नाही, आत एक कप फुटलेला नाही. मग परत का?

घरामागच्या खोलीत दीर चिनीमातीचे कप भाजायचे, वहिनी ते बांधायच्या. एकवीस वर्षं. यंदा दुकानांनी पाठ फिरवली, तेव्हा दिरांनी त्या मोठ्या ऑनलाइन कंपनीचं दार ठोठावलं. तिचे नियम सत्तावीस पानी. खोकं एवढंच लांब, वजन एवढंच, गाडी त्यांच्या गोदामाच्या फाटकात अकरा ते साडेअकरामध्येच. हा माल दुसऱ्यांदा परत आला होता. तिसऱ्यांदा आला, की खातं बंद. म्हणजे भट्टीही बंद.

पुतणीनं, दिरांच्या मुलीनं, फोनवर कारण वाचलं. लेबल वाचता आलं नाही, म्हणे.

वहिनींनी चष्म्याशिवाय ते घडाघडा वाचून दाखवलं. तिथे काय आंधळा बसवलाय, असंही विचारलं. पुतणी म्हणाली, तिथे माणूस नसतोच, यंत्र असतं, आणि ते फक्त या काळ्या रेघा बघतं. दिरांनी शाईला दोष दिला, मग छपाईवाल्याला. पुतणीनं कॅमेरा रेघांवर धरला, तर नुसती चकाकी. तिनं नखानं वरची पारदर्शक चिकटपट्टी सोलली, तसा फोननं लगेच आकडा दाखवला.

पट्टी वहिनींची होती. लेबल भिजू नये, गाडीत घासू नये, म्हणून त्यांनी चाळीसही लेबलांवर ती बसवली होती, एक बुडबुडा न ठेवता.

"माझंच चुकलं, भाऊजी. पण जपलं म्हणून बिघडतं, हे कुठलं शास्त्र?"

"मला तरी कुठे कळतंय, वहिनी. काढू या."

पट्ट्यांबरोबर लेबलंही फाटली. नवी छापून उघडीच चिकटवली. गाडी निघाली तेव्हा वहिनींना लेकराला पायात काही न घालता बाहेर धाडल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी निरोप आला, माल स्वीकारला. दीर भट्टी पेटवायला उठले.

"बांधणीबद्दल काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही काकू. शेरा नसला, की उत्तम समजायचं."

"एकही फुटला नाही, एवढं तरी?"

"ते लिहीत नाहीत."

वहिनींनी मान डोलावली. कळल्यासारखी. मग पुढचा कप उचलला आणि त्याच्या कानाभोवती कागदाचा एक जादा वेढा दिला.