तिसऱ्या सोपानाची दोरी

मी बोलतेय, अंबाडीची दोरी. अंगठ्याएवढी जाड. गाईडच्या मुली शिबिरात जिच्यावर पाय ठेवून नाला ओलांडतात, तीच मी. दोरीला जीव नसतो असं म्हणतात. म्हणोत. भ्यायला काही फार जीव लागत नाही.

उमरेडकडच्या शेतात माझी अंबाडी उभी होती. ती कुजवली, झोडपली, धुतली, आणि नत्थूजी नावाच्या म्हाताऱ्यानं तीन पदर घालून मला वळलं. "बैल बांधा, तुटत नाही," असं सांगून त्यानं मला विकलं. बैलालाच बांधलं असतं तर बरं होतं. दोरी तुटली तर बैल पळून जातो, पोरगी मात्र खाली पडते.

नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेनं मला घेतलं. तिथं मी पाहिलं, माणसं पोरींनाही पायऱ्या लावतात. आधी प्रवेश, मग पहिला सोपान, दुसरा, तिसरा. दर पायरीला एक बिल्ला, आणि त्या बिल्ल्यासाठी पोरी रडतात, मैत्रिणीशी बोलणं टाकतात. तिसऱ्या सोपानाला दोरीचा पूल बांधून अख्खी टोळी पलीकडे न्यायची. म्हणजे माझ्यावरून.

काम वर्षातले चार दिवस, बाकी मुक्काम कपाटात. दोन पावसाळे मला कोणी ऊन दाखवलं नाही. ओल आत शिरली. वरून मी गोरीगोमटी, आतून सडत चाललेली. गाईड शिकवणाऱ्या शोभाताईंनी एकदा कपाट उघडलं, वास आला तसा नाकाला पदर लावला, आणि कपाट बंद केलं.

१९७४च्या जानेवारीत मला रामटेकच्या शिबिराला नेलं. टोळीची नायिका देवकी पराते, तांडापेठेतल्या कोष्ट्याची लेक. तिसऱ्या सोपानाशिवाय राज्य पुरस्काराची परीक्षा नाही, म्हणून दोन वर्षं ती या दिवसासाठी झिजली होती. टोळीत सात मुली. सर्वांत लहान शामला. खाली दोन पुरुष खोल नाला, तळाला नुसते दगड.

"देवकीताई, मी पडली तं?"

"पडली तं मी हासन. चूप बस वं."

परीक्षक कुसुमावतीबाई हातात घड्याळ घेऊन बसल्या. पाऊण तास मिळणार होता. हातानं धरायला दुसऱ्या दोऱ्या होत्या, पायाखाली टाकायला मलाच निवडलं. मी मनात ओरडत होते, पण दोरीचं कोण ऐकतं?

देवकीनं मला ओढलं आणि तिचा हात मध्येच थांबला. कोष्ट्याच्या घरची पोर मागावरच्या ताण्यावर हात फिरवत मोठी होते. कुठला धागा जाणार हे तिच्या बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागून. तिनं तिथंच मला उलटा पीळ दिला. माझं पोट उघडं पडलं. आत काळा भुगा.

"बाई, हे आतून सडली हाये."

"सकाळीच तपासलीय मी. बांध. वेळ जातोय."

"शोभाताई, तुम्ही तरी सांगा नं."

शोभाताईंनी पदर सारखा केला. "बाई म्हणतात तसं कर."

  देवकीनं कमरेचा चाकू काढला.

"काय करून राहिली वं?" शामला किंचाळली.

"कापून राहिली."

कुसुमावतीबाई ताडकन उठल्या. "खबरदार! शाळेची वस्तू आहे ती. नापास करीन."

"करा. शाळेले दुसरी दोरी भेटन, बाई. शामलाच्या मायले दुसरी शामला नाही भेटत."

हातभर सडका तुकडा तिनं कापून नाल्यात फेकला आणि माझी कापलेली दोन टोकं जोडली. पुस्तकात त्या गाठीला इंग्रजी नाव आहे. तिची माय गोदूबाई तुटल्या धाग्याला तीच गाठ दिवसातून शंभरदा मारते, नाव न घेता. देवकीनं एक वेढा जास्त घातला.

पूल बांधून झाल्यावर पहिलं पाऊल तिनं स्वतःच टाकलं. तिचं वजन आलं तशी गाठ गळफासासारखी आवळली. सुटते की काय! मी अंगातला एकेक तंतू धरून ठेवला. ती मध्यावर आली, गाठीवर थबकली, डोळे मिटले, आणि पलीकडे पोचली.

मग एकेक मुलगी आली. शेवटी शामला.

"खाली नोको पाहू! माह्या नाकाकडं पाह्य!"

"तुमचं नाक एवढुसं, दिसूनच नाही राहिलं!"

रडत, हसत तीही पोचली. बारा मिनिटं उशीर झाला होता. कुसुमावतीबाईंनी कागदावर लिहिलं: नापास. शोभाताई खाली मान घालून माझं वेटोळं करत होत्या. देवकी पुढच्या साली पुन्हा बसली, त्याच बाईंसमोर, आणि पास झाली.

मला मात्र फेकलं नाही. गाठीसकट पुन्हा त्याच कपाटात ठेवलं. त्यावर नऊ पावसाळे गेले. आता गाठीच्या दोन्ही बाजूंना मी आतून भुगा आहे. शोभाताई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. काल नव्या टोळीतल्या एका पोरीनं मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मस्त मजबूत हाये नं!" परवा शिबिर आहे.

पोरींनो, अहो नव्या बाई, हात जोडायला मला हात नाहीत. मला चुलीत घाला. अंबाडी चांगली जळते, दोन भाकरी तरी भाजतील. पण माझ्यावर पाऊल ठेवू नका.