नव्या टेबलाचे घाव

लाकडाला म्हातारपण आणायचं तर ते झोडावं लागतं, हे तिच्या नवऱ्याचं पोटापाण्याचं ज्ञान. नवंकोरं सागवानी टेबल तो दोन दिवस सायकलच्या साखळीने बडवायचा, टोच्याने अळीची भोकं पाडायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "शंभर वर्षांचा जुना माल आहे साहेब." हात कितीही भरून आले तरी बायकोपुरता जोर उरायचाच.

तिचा बाप खरोखरची जुनी कपाटं दुरुस्त करी. त्याच्याकडे ती एकच गोष्ट शिकली होती: घाव दिसला की काढायचा. लग्नाला महिनाही झाला नव्हता; नवऱ्याच्या धंद्याची गोम तिला अजून कुणी सांगितली नव्हती. "टेबल साफ करून ठेव, संध्याकाळी पॉलिश चढवायचंय," म्हणून नवरा बाहेर गेला, आणि हिने साफ केलं. प्रत्येक पोच्यावर ओलं फडकं, त्यावर तापलेली इस्त्री. वाफ आत शिरली की दबलेलं लाकूड फुगून वर येतं. भोकांत भुसा आणि सरस. दुपारपर्यंत टेबल तळहातासारखं सपाट.

"मेलीस तू," सासू दारातून म्हणाली. "ते घाव मुद्दाम घातले होते, भवाने!"

"मला कुणी सांगितलं?"

"सांगायला तू काय पाहुणी आहेस?"

तेवढ्यात तो आलाच. टेबलावरून हात फिरवला. साखळी उचलली.

"आई, कडी लाव."

सासूने लावली.

"अहो, मी परत घाव पाडून देते..."

"पाडशील ना. आधी उजवा हात ठेव टेबलावर. इस्त्रीचा हात."

हा हात गेला तर माहेरीही तिला बसवून कुणी जेवू घालणार नव्हतं. तिने हात मागे ओढला. पहिला फटका खांद्यावर बसला, कातडं उसवलं. दुसऱ्याने कान फाटला. तिसऱ्याला त्याने डाव्या हाताने तिचं उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि साखळी वर नेली.

तिचा डावा हात टेबलाच्या कडेला अजून तापत असलेल्या इस्त्रीच्या मुठीवर पडला. तिने ती त्याच्या दाबणाऱ्या पंजावर ठेवली आणि उचलली नाही.

तो गुरासारखा ओरडला. साखळी सुटली. तिने ती घेतली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. मग परत त्याच गुडघ्यावर.

"ओरडतोस काय रे? लाकूड ओरडतं का?"

"सोड गं! लेक आहे माझा तो!"

"आणि मी? मी कुणाचीच नव्हते, कडी लावताना?"

सासू दाराला पाठ लावून उभी. "बाहेर अशी रक्ताळलेली गेलीस तर लोक काय म्हणतील?"

"काढा कडी."

"अगं, पण..."

साखळी वर गेली. म्हातारीने कडी काढली.

ती भरदुपारी रस्त्यावर आली. कानातून रक्त गळ्यावर ओघळत होतं. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. तिने उजव्या हाताची मूठ वळली, उघडली. पाचही बोटं हलत होती. ती चालू लागली.