भामाबाईंचा अंगठा आणि माझा लाल दिवा

मी अंगठ्याचं मशीन बोलतोय. आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे. शाळा मला लाभली नाही; उठबस सगळी अंगठेबहाद्दरांमध्ये.

वडगाव निंबाळकरच्या एका सेवा केंद्रात, सोनमताईंच्या टेबलावर मी राहतो. अंगठा ओळखला की हिरवा दिवा, नाही ओळखला की लाल. एवढीच माझी विद्या. पण वर्षातून एकदा म्हाताऱ्या माणसांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तेव्हा काही जण मला चक्क नमस्कार करतात. मला लाजल्यासारखं होतं.

निराधारांना सरकार दरमहा जे देतं, त्याला गावात ‘पगार’ म्हणतात. पगार जमा झाला की शेजारच्या बेगमभाभींच्या किराणा दुकानात म्हाताऱ्या मोठ्या आवाजात गूळ मागतात. एरवी त्या हळू मागतात. भिंत पातळ आहे, मला ऐकू येतं.

यंदा भामाबाई आल्या. उजवा अंगठा ठेवला. लाल. डावा ठेवला. लाल. दहाही बोटं झाली.

“आजी, खुरपून खुरपून रेषाच गेल्यात,” सोनमताई म्हणाल्या. “महिनाअखेरपर्यंत अंगठा लागला नाही तर पगार बंद होईल.”

“अगं पण मी हितं उभी हाय की! तुझ्याशी बोलतीया!”

“मला दिसताय हो. मशीनला न्हाय दिसत.”

भामाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मला टेबलाखाली पडावंसं वाटलं.

झेरॉक्ससाठी मानसिंगराव मागंच उभे होते. साखर कारखान्याच्या हापिसातून निवृत्त, आता घरचा ऊस बघतात. भामाबाई त्यांच्याच रानात खुरपायला जायच्या.

“पगार सुरू झाल्यापासनं बाया रानात येईनात,” ते म्हणाले. “फुकटचं मिळालं की माणसाचा हात कामाला वळत नाही.”

“फुकटचं व्हय? माझा अंगठा तुमच्याच उसात झिजलाय, मानसिंगराव. बघा, कुठंतरी सरीत पडला असंल! अन् बाया येत्यात की. रोजाचं पैसं वाढवा, मग बघा.”

सोनमताईंनी उपाय सांगितला. आठ दिवस खुरप्याला हात लावायचा नाही. रोज खोबरेल चोळायचं. रेषा वर येतील.

“आठ दिवस?” मानसिंगराव ओरडले. “माझी उसाची लागण तणात जाईल!”

“मानसिंगतात्या, तुमच्या पेन्शनीचा दाखला पण राहिलाय,” सोनमताईंनी आठवण करून दिली.

“माझं काय! शेवटच्या दिवशी येतो. माझा अंगठा पहिल्या दमात लागतो.”

ते खरं होतं. तीस वर्षं पेन धरलेला अंगठा, लोण्यासारखा मऊ.

नंतर मानसिंगराव रोज संध्याकाळी यायचे. पायजम्याला चिखल, हात खिशात. “सोनम, आजींचा अंगठा वर आला का गं?” उसाच्या कोंबाची कोणी एवढी वाट बघितली नसेल. त्यांच्या रोजावर दुसरी बाई मिळत नव्हती, हे बेगमभाभींच्या दुकानातनं कळलं.

नवव्या दिवशी त्यांनी भामाबाईंना स्वतःच्या मोटरसायकलवरून आणलं. माझी काच स्वतःच्या रुमालानं पुसली.

भामाबाईंनी अंगठा ठेवला. लाल.

“तेल लय झालंय! पुसा, पुसा!” मानसिंगरावांनी त्यांचा अंगठाही पुसला.

भामाबाई देवाचं नाव घेत होत्या. मीही घेतलं. अंगठा पुन्हा टेकला, आणि एकेक बारीक रेष मला सापडत गेली.

हिरवा!

“झाले बाई जिवंत,” म्हणत भामाबाई खाली बसल्या. पदरानं डोळे पुसले. त्यांच्यापेक्षा मानसिंगरावांनाच जास्त आनंद झाला. “चला, उद्यापासनं रानात!”

“येते की. पण रोजात पन्नास रुपये वाढवा, अन् हातमोजं द्या. मला फुडच्या वर्षी परत जिवंत दिसायचंय.”

“दिले!” मानसिंगराव म्हणाले. इतक्या लवकर कबूल झालेला बागायतदार मी तरी बघितला नव्हता.

माझं एकच मागणं आहे. मी लाल दिवा लावला तर समोरच्याला मेला समजू नका. तो काम करून आला असेल.

दुसरा दिवस शेवटच्या तारखेचा. सकाळी मानसिंगराव ऐटीत आले, खिशातून हात काढले, तळहातावरच्या फोडांवर फुंकर घातली आणि चिरा पडलेला अंगठा माझ्यावर टेकवला.

मी मनापासून प्रयत्न केला, आणि लाल दिवा लावला.