बाबागाडीचा पडदा

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पहिला नातू झाला आणि त्यांनी नागपूरहून बाबागाडी मागवली. निळी, टपाची. घरची श्रीमंती लोकांना दिसलीच पाहिजे, हा खुशालराव देशमुखांचा खाक्या. घरची बाईमाणसं मात्र कुणाला दिसता कामा नयेत, हाही त्यांचाच.

सत्तावन्न सालचा वैशाख. गोवर्धन सहा महिन्यांचा झाला म्हणून अंबादेवीचं दर्शन ठरलं. निघायलाच उशीर झाला, आणि परत फिरेपर्यंत साडेअकरा. माझे यजमान खटल्यासाठी अकोल्याला गेले होते. ते असते तरी वडिलांपुढे तोंड उघडलं नसतंच म्हणा.

पुढे मामाजी, डोक्यावर काळी छत्री. मागे आमचा गडी डोमाजी बाबागाडी ढकलत. आणि सगळ्यांच्या मागून बैलांची दमणी, चारी बाजूंनी पडदे बांधलेली. तिच्यात सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, आणि मी.

"लेकराले माझ्या मांडीवर द्या न," मी म्हटलं होतं.

"मंग गाडी कायले आणली?" आत्याबाई म्हणाल्या. झालं, संपलं.

ऊन लागू नये आणि दृष्टही लागू नये म्हणून त्यांनी बाबागाडीवर टपापासून पायथ्यापर्यंत जाड लाल पडदा बांधला होता. दमणीच्याच पडद्यातून उरलेलं कापड. चार कोपऱ्यांना चार गाठी. आपल्या हुशारीवर त्या बेहद्द खूश होत्या.

मला आतून काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. गोवर्धन रडत होता. माझे हात मांडीवर नुसते वळवळत होते. मग रडणं बारीक होत गेलं आणि थांबलं.

"झोपला," आत्याबाई म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी, वैशाखातच, मी नांदगाव खंडेश्वरहून लग्न होऊन आले ती याच दमणीतून, याच पडद्यांआड. आधी घामाच्या धारा लागल्या. मग घाम आटला, अंग पेटलं, जीभ टाळूला चिकटली. तेव्हा शेजारची पाठराखीण म्हणाली होती, "नवरी झोपली." मी झोपले नव्हते. मला सगळं ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

"आत्याबाई, तो पडदा काढाले सांगा!"

"भर रस्त्यावर? गप बस."

"डोमाजी!" मी ओरडले. देशमुखांच्या सुनेनं गड्याला हाक मारायची नसते. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दमणीच्या पडद्याची गाठ ढिली झाली, पण सुटेना. मी खालून सरकले आणि उडी टाकली. पदर कशाला तरी अडकला, डोक्यावरून गेला. मला पाहताच डोमाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धन्य त्याची मर्यादा! दोन गाठी मी बोटांनी सोडवल्या, तिसरी दातांनी. पडदा वर केला आणि उकळत्या भांड्याचं झाकण उचलावं तशी झळ तोंडावर आली. गोवर्धन लालबुंद झाला होता. अंग कोरडं, डोळे अर्धवट उघडे, मान लुळी.

मी किंचाळले. बाजूच्या निंबाखाली पाणपोई होती. तिथली म्हातारी, पार्वताबाई, तांब्या घेऊन धावत आली.

"सावलीत आण. फडकं ओलं कर, आंग पूस. मी वारा घालतो. घाबरू नोको, बाई."

फडकं कुठून आणू? पदरच भिजवला आणि त्याचं अंग पुसत राहिले. निंबाच्या फांद्यांमधून उन्हाचे पट्टे येतच होते. एवढ्यात मामाजी परत आले. नातवाकडे नाही, माझ्या उघड्या डोक्याकडे पाहत ते लांबच थांबले. छत्री अजून त्यांच्याच डोक्यावर.

"छत्री द्या," मी म्हटलं. दोन वर्षांत त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द.

सुनेच्या हातात त्यांनी काही देणं रीतीत बसत नव्हतं. त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि पाठ फिरवली. दमणीतून आवाज आला, "विमल, पदर!"

मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, छत्री उचलून गोवर्धनवर धरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गोवर्धननं ओठ हलवले, तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. त्याच्याहून मोठ्यानं मी रडले.

दमणीत परत चढले तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. आत्याबाईंनी डोमाजीला सांगितलं, "तो गाडीवरचा पडदा फेकून दे. लहान जीव हाय, त्याले हवा लागते." आणि स्वतःच्या पदरानं गोवर्धनला वारा घालू लागल्या. त्यांच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत ओघळला होता. या दमणीत त्या तेराव्या वर्षी नवरी होऊन बसल्या होत्या.

"अन् तुमाले, आत्याबाई?" मी विचारलं. "तुमाले नाई लागत हवा?"

त्यांचा हात थांबला.

"मले आजवर कोनं इचारलंच नाई," त्या म्हणाल्या, आणि मी ढिली केलेली दमणीच्या पडद्याची गाठ त्यांनी ओढून घट्ट बांधली.