सीतालक्ष्मीबाईंच्या घरचा गंगेचा गडू

मित्रांनो, मी एक जुना गडू आहे. तांब्याचा, मुठीत मावेल एवढा, पोट गोल आणि मान आखूड. तुमच्याही घरी देवांच्या मागे किंवा माळ्यावर माझा एखादा भाऊ असेल. तुम्ही त्याला हात लावायला गेलात की मोठी माणसं ओरडतात, "ठेव तो खाली!" का ओरडतात ते मात्र सांगत नाहीत. मी सांगतो. आमच्या पोटात गंगेचं पाणी असतं आणि ते माणसाच्या शेवटच्या क्षणी त्याच्या तोंडात घालायचं असतं. झालं, सांगून टाकलं. आभाळ कोसळलं का?

काशीच्या एका बोळात तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. घाटावर भरलं आणि तोंडावर वितळलेल्या कथिलाचा डाख लावून बंद केलं. तेव्हा तिथे यात्रेला आलेल्या एका नवराबायकोने मला विकत घेतलं. गुरुमूर्ती आणि सीतालक्ष्मी, राहणार कुंभकोणम. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी होते, ते तिकडचेच झाले. घरात त्यांची जुनी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आगगाडीत मी सीतालक्ष्मीबाईंच्या मांडीवर बसून आलो. घरी पोचल्यावर शेजारपाजारची माणसं मला नमस्कार करायला आली. डाख किती पक्का आहे, थेंबसुद्धा गळत नाही, असं जो तो म्हणायचा. मी फुगून जायचो.

मग मला वरच्या फळीवर बसवलं आणि सगळे विसरले. सणाला चिंचेने घासायचे, पुसायचे, पुन्हा वर. खाली फिल्टरमधून कॉफीचे थेंब पडत राहायचे. त्या फिल्टरचा मला हेवा वाटायचा. त्याला रोज दोनदा काम, आणि माझं नाव काढलं तरी लोक दचकायचे.

सीतालक्ष्मीबाई मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा की रस्त्यावरची रिक्षासुद्धा थांबावी. सरावाशिवाय मैदानात उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. पण मित्रांनो, एका गोष्टीचा सराव त्यांनीही कधी केला नव्हता.

गुरुमूर्ती आजारी पडले तेव्हा त्यांचा मुलगा हरिकृष्ण चेन्नईहून धावत आला आणि वडिलांना मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. सीतालक्ष्मीबाईंनी मला पिशवीत घेतलं. अतिदक्षता विभागात आत बोलावलं तेव्हा वेळ थोडा होता. त्यांनी मला बाहेर काढलं आणि डाख उघडेना! नखांनी ओरबाडलं, किल्लीने खरवडलं. त्यांचे हात थरथरत होते. शेवटी एका नर्सबाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी कापसावर घेऊन गुरुमूर्तींच्या ओठांना लावलं, आणि ते गेले. ज्या घट्टपणाचं कौतुक ऐकत मी म्हातारा झालो, तोच ऐन वेळी आडवा आला. त्या दिवशी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

पुन्हा फळी, पुन्हा धूळ. काही वर्षांनी सीतालक्ष्मीबाईंना दम लागू लागला. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, औषधांनी त्रास कमी होईल पण आजार जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं. घरी आल्या, स्टूल ओढलं, धापा टाकत त्यावर चढल्या आणि मला खाली काढून थेट फिल्टरशेजारी ठेवलं. समोरच्या अलमेलू मामींनी ते पाहून कानांवर हात ठेवले. बाई म्हणाल्या, "राहूं दे मामी. मज तो डोळ्यांसमोर पाहिजे."

मग आमच्या घरी पंकजा येऊ लागली. तीही तंजावरी मराठी घरातलीच, पूर्वी नर्स होती. आता ज्यांचं दुखणं बरं होणार नाही अशा माणसांच्या घरी जाते, त्यांच्याजवळ बसते, त्यांना काय हवं-नको ते विचारते आणि घरच्यांना तयार करते. ती डॉक्टर नव्हे आणि भटजीही नव्हे. जन्माला येताना सुईण लागते, मग जाताना सोबतीला कुणी का नको, असं ती म्हणते.

"सीताक्का, तुम्हांस भय कशाचें?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मरायचें नाही गे. पुरे म्हणायचें असेल आणि तोंडांत नळी असेल, त्याचें भय."

बाईंचं सगळं ठरलेलं होतं. मरण आपल्या घरी, आपल्या खाटेवर. खाट खिडकीपाशी, म्हणजे शाळेच्या मैदानावरची शिट्टी ऐकू येईल. आधी ओठांना कॉफी आणि मग गंगा, तीही हरीच्या हातून. डॉक्टरांशी त्या बोलल्या, इस्पितळ नको, नळ्या नकोत, असा साक्षीदारांसमोर रीतसर कागदही केला. उरला फक्त हरी, आणि त्याच्यावाचून सगळं अडलं होतं. कारण ऐन वेळी आईला उचलून गाडीत घालणारे हात त्याचेच होते.

हरी वाईट मुलगा नव्हता हो. दर शनिवारी यायचा, प्राणवायूचं यंत्र त्यानेच आणलं. पण आईने विषय काढला की तो उठून पंख्यावरची धूळ पुसायला लागायचा. "अम्मा, अभद्र बोलूं नको. दुसरा डॉक्टर पाहूं." शेवटी पंकजा म्हणाली, "सीताक्का, तोंडाने होईना तर हातास काम द्या."

पुढच्या शनिवारी बाईंनी मला आणि एक कानस त्याच्यापुढे ठेवली.

"उघड."

"आतां कां? आतां तुज काय झालें?"

"झालें नाही म्हणूनच. झाल्यावर हात कांपतात. माझे कांपले."

अलमेलू मामी दारातून ओरडल्या की गंगा आधी उघडणं म्हणजे यमाला आवतण. हरीने आईकडे पाहिलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांना उभं राहवत नव्हतं, पण नजर मैदानावरचीच होती. हरीने कानस उचलली.

मला दुखलं का? दुखलं. पण मी हूं की चूं केलं नाही. खरवडता खरवडता हरीला घाम फुटला आणि मान खाली असल्यामुळे की काय, त्याला बोलता येऊ लागलं.

"अप्पास मीच तिकडे नेलें. न्यायचें नव्हतें काय अम्मा?"

"तूं मायेनें नेलेंस. मीही हो म्हटलें. आम्ही त्यांस विचारलेंच नाही, तेवढें चुकलें."

"आणि तुज नेलें नाही तर लोक काय म्हणतील? मुलाने सोडून दिलें म्हणतील."

"लोक खाटेपाशी बसणार नाहीत. तूं बसशील. धरून बसणें म्हणजे सोडणें काय रे?"

कानस थांबली. हरी मला पोटाशी धरून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "शरी, बरें. आतां उरलेला डाख काढ."

डाख निघाला. आत पाणी थोडं आटलं होतं, पण स्वच्छ होतं. सगळे दाराकडे बघत राहिले. यम काही आला नाही. दूधवाला आला. बाई म्हणाल्या, "चला, कापी घाला."

दुसऱ्या दिवशी पाणी बाटलीत काढून हरी मला जवळच्या नाचियारकोविल गावी घेऊन गेला. तिथे समया घडवणाऱ्या एका कारागिराने मला पितळेचं फिरकीचं झाकण करून दिलं. मग घरी तालीम सुरू झाली. हो, तालीमच! पाणी तोंडात ओतायचं नाही, ठसका लागतो. कापूस भिजवून ओठांना लावायचा. धाप लागली की पाठीशी उशा आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा, मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध. पंकजा शिकवी, हरी करी आणि बाई खाटेवरून चुका काढत. "पुन्हा कर," त्या म्हणायच्या. त्या दिवसांत घरात हसणंही पुष्कळ झालं. हरी निम्मं काम कुंभकोणमहूनच करू लागला.

आणि मग ती सकाळ आली. बाईंचा श्वास अडखळू लागला. पंकजाने औषध दिलं, पंखा वळवला. इतकी तालीम होऊनही हरीचा धीर सुटला. त्याने फोन काढला आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडून कुणीतरी पत्ता विचारत होतं. पंकजाने त्याला अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "हरी, अम्माकडे पाहा."

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं.

मित्रांनो, मी निर्जीव आहे. पण त्या वेळी मी सगळा जीव एकवटून त्या पोराला हाक मारत होतो. हरीने आईकडे पाहिलं. मग फोनवर सावकाश म्हणाला, "नको. अम्मा घरींच राहील." ते त्याने मराठीत म्हटलं, पलीकडच्या माणसाला काय कळणार! मग तमिळमध्ये पुन्हा सांगितलं आणि फोन खाली ठेवला.

आधी कापसावर कॉफी. बाईंनी ओठ किंचित चाटले. कॉफी चांगली झाली असावी, कारण त्यांनी चूक काढली नाही. मग हरीने मला हातात घेतलं. झाकण दोन बोटांनी फिरलं आणि उघडलं. त्याचे हात कापले नाहीत. मैदानावर शिट्टी वाजली, तेव्हा बाईंचा हात हरीच्या हातात होता. थोड्या वेळाने पंकजाने हळूच सांगितलं की सीताक्का गेल्या.

आता मी चेन्नईला हरीच्या स्वयंपाकघरात असतो. उरलेलं पाणी माझ्या पोटात आहे आणि मी फिल्टरशेजारीच बसतो. मला चकचकीत घासा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला खाली काढा, एवढंच मागतो. तुमच्या आजीआजोबांना, आईवडिलांना धीराने विचारा की तुम्हाला शेवटी काय हवं, कुठे हवं, कुणाच्या हातून हवं. एकदा विचारून ते उठून गेले तर पुन्हा विचारा. हरीपुढेही त्याच्या आईला पुष्कळदा विषय काढावा लागला होता.

परवा हरीच्या लेकीने, अक्षयाने, मला उचललं आणि विचारलं, "अप्पा, यांत काय आहे?" हरीने वर पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा पंखा पुसायला उठणार. पण तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "उघडून पाहा. मग सांगतों."

तिने माझं झाकण फिरवलं.