पडणाऱ्यांची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. सर्कशीच्या तंबूत, उंच झुल्यांच्या खाली माझा जन्म गेला. तुम्ही माना वर करून बघता. मी तर कायमची उताणीच. दिव्यांच्या उजेडात माणसं माझ्यावरून तरंगत जात आणि मला आपण अर्ध्या झोपेत आहोत असंच वाटे.

मला विणणाऱ्याला सगळे पडेलकाका म्हणत. त्यांचं एकच पालुपद, "माणूस पडणारच." रोज दुपारी ते माझी गाठ न् गाठ ओढून बघत आणि शेवटी स्वतःच माझ्यावर अंग टाकत. विदूषक म्हणे, "शुभ बोल रे नाऱ्या!" सर्कशीतल्या पोरांना शिकवणाऱ्या मास्तरीणबाई सांगत, "निराशावाद म्हणजे शेवटी वाईटच होणार असं धरून चालणं. उदाहरण हवं तर काकांकडे बघा." पोरं खुशाल बघत. मला मात्र वाईट वाटे.

काकांची लेक झुल्यावर काम करी. हवेत दोन कोलांट्या घेऊन समोरच्याचे हात धरायचे, एवढंच तिचं स्वप्न होतं. पण दर वेळी ती एकीवरच थांबे. एकदा सरावात ती चिडली.

"बाबा, तुमच्या त्या पडणार-पडणारनेच माझे हातपाय गळतात. आज जाळी सोडा."

काकांनी मला सोडून बाजूला ठेवलं आणि ते झुल्याखाली हात पसरून उभे राहिले. माझा जीव टांगणीला लागला.

"बाजूला व्हा ना, बाबा."

"नाही होणार. तू पडणारच."

"मग जाळी का सोडलीत?"

"तू म्हणालीस म्हणून."

ती वरून बराच वेळ त्या म्हाताऱ्या हातांकडे बघत राहिली. मग खाली उतरली आणि बापाबरोबर मला बांधू लागली. त्यानंतर वर जाऊन तिने पहिल्यांदाच दुसरी कोलांटी घेतली. हात हुकले आणि ती धपकन माझ्या कुशीत आली. पडल्या-पडल्या ती हसत सुटली.

"पडले, बाबा."

"म्हटलं नव्हतं? चढ आता पुन्हा."

काका आता नाहीत. माझे धागे विरले आहेत. मित्रांनो, तुमच्या घरात सतत वाईट बोलणारं कुणी असेल, तर आधी त्याचे हात बघा. नुसते कपाळाला लावलेले असतील, तर त्याला उठवा. हातात दोरी असेल, तर जवळ बसून एक गाठ तुम्हीही मारा.

काकांची लेक आता रोज दुपारी माझ्या गाठी ओढून बघते. वर तिची मुलगी झुलत असते. "पडणारच," आई पुटपुटते आणि माझ्यावर अंग टाकते.