दोन बोटे माती

नागपूरच्या एका सार्वजनिक उद्यानात चौतीस वर्षे माळीकाम करून ज्ञानदेव निवृत्त झाले आणि मुलाकडे, न्यू जर्सीतील पार्सिपनी या गावी, राहावयास आले. मुलगा बुद्धभूषण संगणकाच्या नोकरीत, सून सुजाता ग्रंथालयात. घरामागे हिरवळीचा भला मोठा तुकडा होता, परंतु त्यात औषधालाही फूल नव्हते. ज्ञानदेवांना ही गोष्ट भाजीत मीठ नसावे तशी खटकत असे.

शेजारी डुडेकबाई या पंचाहत्तर वर्षांच्या विधवा एकट्याच राहत. १९९५ च्या सप्टेंबरात त्या काठी टेकीत कुंपणापाशी आल्या आणि सुजातामार्फत त्यांनी विचारले की, आपली दोन झाडे हे गृहस्थ त्यांच्या अंगणात नेऊन सांभाळतील काय? एक डे-लिली आणि दुसरी पिओनी. दोन्ही बारमास जमिनीत राहणारी. हिवाळ्यात वरून नाहीशी होऊन वसंतात पुन्हा उगवणारी. पैकी पिओनी बाईंच्या आईच्या अंगणातून आलेली होती. बाईंच्या मेपल वृक्षाने आता सारे ऊन अडविले होते आणि चार वर्षे तिला एकही फूल लागले नव्हते. आईची आठवण म्हणून बाईंपाशी हे एकच झाड उरले होते.

ज्ञानदेवांची छाती फुगली. ते म्हणाले, "सांग त्यांना बाई, हिला फूल आणीन, नाही तर खुरपं हातात धरणार नाही."

सुजाताने इंग्रजीत सांगताना खुरप्याची अट तेवढी वगळली.

डुडेकबाईंनी एका चिठ्ठीवर निगेच्या चार गोष्टी लिहून दिल्या होत्या. सुजाता ती वाचू लागली तोच ज्ञानदेवांनी हात वर करून तिला थांबविले. माळ्याने चिठ्ठी पाहून झाड लावावे, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी दोघींना एकच न्याय दिला. दोघींसाठी सारखाच खड्डा, सारखेच शेणखत, सारखेच गोल आळे. शिवाय विदर्भात हळदीला आणि कर्दळीला देतात तशी बुंध्याशी मातीची भर. ती शरदात एकदा आणि वसंतात एकदा, न चुकता.

डे-लिलीने हा सर्व पाहुणचार आनंदाने स्वीकारला. पुढल्याच जुलैत तिला नारिंगी फुलांचे घोस आले. फूल एका दिवसाचे, परंतु रोज सकाळी नवे. पिओनीने मात्र पाने दिली आणि ती स्वस्थ बसली. डुडेकबाईंनी कुंपणावरूनच समजूत घातली की, जागा बदलली म्हणजे ती एक वर्ष रुसते.

दुसऱ्या वर्षी ज्ञानदेवांनी आणखी भर दिली. पाने अशी तजेलदार आली की पाहत राहावे. त्या भरात त्यांनी एक धाडस केले. बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी घरी वंदनेसाठी पंचवीस-तीस मंडळी जमणार होती. त्या सर्वांना त्यांनी फोनवरून आगाऊ सांगून ठेवले की, ताटाएवढे फूल पाहावयास या.

मंडळी आली. वंदना झाली, खीर झाली, आणि सगळे मागच्या अंगणात गेले. तेथे हिरव्यागार पानांचा गुबगुबीत झुडूप उभे होते. फूल नव्हते. कळीही नव्हती.

"काका, ताट दिसतंय, पण वाढलं काहीच नाही यार," नागपूरचाच मोरेश्वर म्हणाला. तो लहानपणी त्याच उद्यानात खेळलेला होता, म्हणून त्याचे बोलणे अधिक झोंबले.

"अहो, पालेभाजी आहे ती. संध्याकाळी फोडणी देऊ," दुसऱ्या कोणी भर घातली.

ज्ञानदेवही हसले, परंतु त्यांचे कान तापले होते. इतक्यात निमंत्रणावरून आलेल्या डुडेकबाई पुढे झाल्या. कष्टाने वाकून त्यांनी पिओनीच्या बुंध्याशी तर्जनी मातीत खुपसली. एक पेर गेले, दुसरे गेले, सबंध बोट गेले, तरी खालच्या गड्ड्यावरचा डोळा, जेथून कोंब फुटतो तो, बोटाला लागेना. मग त्यांनी बोट पुसले आणि खिरीची वाटी पुन्हा हातात घेतली.

ते मातीत गेलेले बोट ज्ञानदेवांना मोरेश्वराच्या थट्टेहून जड गेले.

त्यानंतर आठ दिवस ते अंगणात फिरकले नाहीत. बुद्धभूषणाने समजावले की, एका झाडाचे एवढे मनावर कशाला घ्यायचे, दुकानातून दुसरे आणू. त्यावर ते म्हणाले, "दुकानात त्यांची आई मिळते काय?"

नवव्या दिवशी त्यांनी सुजाताला हाक मारून ती जुनी चिठ्ठी मागितली. तिने ती जपून ठेवली होती. तिने एकेक ओळ मराठीत सांगितली आणि ज्ञानदेव मान खाली घालून ऐकत राहिले. डे-लिली कोठेही लावा, थोडे खोल-उथळ झाले तरी चालेल, चार वर्षांनी गड्डा फोडून वाटून टाका. पिओनीला सबंध दिवसाचे ऊन, भरपूर थंडी आणि एकांत द्या, तिला वारंवार हलवू नका. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या: डोळ्यांवर दोन बोटांहून अधिक माती नको, ते खोल गेले की थंडी लागत नाही आणि फूल धरत नाही.

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं, बाबा?"

ज्ञानदेवांनी चिठ्ठी हातात घेतली. "नसतं ऐकलं," ते म्हणाले.

मग सुजाताला बरोबर न घेता ते कुंपणापाशी गेले. डुडेकबाई ओसरीत बसल्या होत्या. ज्ञानदेवांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मातीकडे बोट दाखविले आणि सुनेकडून शिकून घोकलेले तीन शब्द उच्चारले, "माय मिस्टेक, मॅडम." चौतीस वर्षांत ही कबुली त्यांनी उद्यानाच्या अधीक्षकासही दिली नव्हती. बाईंनी हसून दोन बोटे आडवी धरली. ज्ञानदेवांनीही तशीच दोन बोटे धरली.

सप्टेंबरात बाई खुर्ची टाकून बसल्या आणि ज्ञानदेवांनी गुडघे टेकून भरीची सर्व माती हाताने हळूहळू उकरून काढली. गुलाबी डोळे दिसू लागताच बाईंनी टाळी वाजविली. वर दोन बोटे मोजून माती राहिली. आळेही मोडले गेले. हिवाळ्यात त्या जागेवर बर्फ साचला, तेव्हा ज्ञानदेवांना तिला गोणपाट पांघरण्याची फार इच्छा झाली, परंतु त्यांनी ती आवरली.

मे महिन्यात गोट्यांएवढ्या कळ्या आल्या आणि त्यांवर मुंग्यांची रांग लागली. ज्ञानदेवांनी राखेचा डबा उचलला, तसाच खाली ठेवला आणि ते आधी सुजाताला घेऊन कुंपणापाशी विचारावयास गेले. मुंग्या असू द्या, त्या काही बिघडवीत नाहीत, असे उत्तर मिळाले.

महिन्याच्या अखेरीस एका सकाळी पहिली कळी उमलली. फिकट गुलाबी, पाकळ्यांवर पाकळ्या, आणि गुलाबाच्या जवळचा पण गुलाबाचा नव्हे असा वास. डुडेकबाई आल्या, फुलावर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी सुजाताला सांगितले की, आई हे फूल जेवणाच्या टेबलावर ठेवीत असे. ज्ञानदेव फूल कापून देऊ लागले तर त्यांनी नको म्हटले. झाडावरच राहू द्या, मी रोज येईन.

रविवारी मोरेश्वर फूल पाहावयास आला आणि त्याने गड्ड्याचा तुकडा मागितला. ज्ञानदेवांनी नकार दिला. झाड बाईंचे आहे आणि अजून पाच वर्षे त्याला हात लावावयाचा नाही, असे सांगून त्यांनी स्वतःची चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला ऐकविली. मातीत बोट घालूनही दाखविले. मग डे-लिलीचा एक मोठा गड्डा फोडून त्याची बादली भरली.

"याला किती खोल लावू, काका?"

"ही बिचारी कशीही येते," ज्ञानदेव म्हणाले. "तरी बाईंना विचारून घे. त्या घरीच आहेत."

आणि मोरेश्वर बादली घेऊन कुंपणाकडे निघाला.